फी आधी सांगता येते का? इथेरियमच्या गॅसची सहा वर्षं

मी नवेगाव बांधचा. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीत, 65,000 जातप्रमाणपत्रं पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा प्रकल्प 2022 मध्ये बातम्यांत आला, तेव्हा गावाकडे सगळ्यांचा एकच प्रश्न होता: याला पैसे किती लागणार? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर देण्याची पद्धत घडायला सहा वर्षं लागली.

मूळ अडचण जुनी आहे. एखादा प्रोग्रॅम थांबेल की नाही हे आधीच सांगणारी सरसकट रीत असू शकत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंगने 1936 मध्ये दाखवलं. मग खर्च तरी आधी कसा सांगणार? गॅविन वुडच्या 2014 च्या 'यलो पेपर'ने यावर व्यवहारी तोड काढली. प्रत्येक क्रियेला ठरावीक गॅस, आणि पाठवणाऱ्याने आधीच लावलेली कमाल मर्यादा. मर्यादा संपली की काम रद्द, पण गॅस गेला तो गेलाच. फी म्हणजे लागलेला गॅस गुणिले गॅसचा भाव. हे दोन आकडे शेवटपर्यंत वेगळे ठेवा. अनेक पेपर वाचताना गोंधळ इथेच होतो.

जुलै 2015 मध्ये इथेरियम सुरू झालं तेव्हा साठवलेली एक किंमत वाचायला 50 गॅस लागायचा. 2016 च्या शरद ऋतूत हल्लेखोरांनी असल्याच स्वस्त क्रियांचा भडिमार करून नोड संथ केले. मग दर 200 झाला, 2019 मध्ये 800, आणि एप्रिल 2021 मध्ये एका व्यवहारातल्या पहिल्या वाचनाला 2,100. कॉन्ट्रॅक्ट तेच, खर्च वेगळा! 'ट्रान्सफर'सोबत मिळणाऱ्या 2,300 गॅसवर विसंबलेल्या काही कॉन्ट्रॅक्टांचं 2019 नंतर त्यात भागेना, आणि एकदा चढवलेला कोड बदलता येत नाही.

आता अंदाजाकडे येऊ. नोड कोड वाचून हिशोब करत नाही, तो व्यवहार खोटा-खोटा चालवून बघतो. एकदा चालवून लागलेला गॅस मोजला की झालं, असं वाटेल. तसं होत नाही. जागा मोकळी केल्याबद्दलची सूट शेवटी मिळते, म्हणून चालू असताना लागणारा गॅस अंतिम आकड्यापेक्षा जास्त असतो. शिवाय 2016 पासून एक कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याला बोलावतं तेव्हा शिल्लक गॅसचा चौसष्टावा भाग स्वतःकडे राखतं. त्यामुळे आतल्या कामाला पुरेसा गॅस पोचायचा तर मर्यादा खर्चापेक्षा मोठी लावावी लागते. म्हणून नोड वेगवेगळ्या मर्यादा लावून, दरवेळी अंतर साधारण निम्मं करत, व्यवहार पार पडेल अशी सर्वांत लहान मर्यादा शोधतो. एवढं करूनही उत्तर त्या क्षणाच्या स्थितीपुरतंच. तुमच्या आधी दुसऱ्या कुणाचा व्यवहार घुसला आणि कॉन्ट्रॅक्टमधली यादी लांबली, तर अंदाज अपुरा पडतो.

भावाचं कोडं निराळं. आधी सरळ लिलाव होता. 2017 च्या शेवटी क्रिप्टोकिटीजने गर्दी केली, तेव्हा किती बोली लावावी हे कुणालाच कळेना. 5 ऑगस्ट 2021 च्या बदलाने बेस फी आणली, जी एका ब्लॉकमागे जास्तीत जास्त 12.5 टक्के हलते. पुढच्या ब्लॉकचा भाव त्यामुळे बांधता येतो, पण सलग सहा ब्लॉक पूर्ण भरले तर ती दुप्पट होते, म्हणजे साधारण सव्वा मिनिटात.

एटापल्लीच्या आकड्यावर हे लावून बघा. समजा प्रत्येक दाखल्याचा हॅश वेगळ्या व्यवहाराने साठवला. व्यवहाराचे 21,000, नव्या जागी लिहिण्याचे 22,100, सोबतच्या माहितीचे पाचशे-सहाशे, मिळून सुमारे 44,000 गॅस. भाव 30 ग्वेई धरला तर एका दाखल्याला 0.00132 ईथर, आणि 65,000 दाखल्यांना जवळपास 86 ईथर. पॉलिगॉनवर गॅस जवळजवळ तेवढाच लागतो, पण तो त्यांच्या स्वतःच्या, कितीतरी स्वस्त नाण्यात भरायचा असतो. आणि सगळे हॅश मर्कल ट्रीमध्ये बांधून फक्त वरचा एकच हॅश साठवला, तर 65,000 व्यवहारांच्या जागी एक.

तुमच्या प्रबंधात गॅसचा तक्ता देणार असाल, तर प्रत्येक आकड्याशेजारी ब्लॉक क्रमांक आणि त्या वेळचं अपग्रेड लिहा. ते नसेल, तर 2018 च्या पेपरमधला आकडा आणि तुमचा आकडा एकाच आलेखात मांडता येत नाही.