मुंबईतील दंगली, एकोणिसावे शतक
मुंबई बंदराची आणि पुढे गिरण्यांची झाली त्या काळात शहरात उसळलेले सामूहिक हिंसाचार. आरंभीची एक मोठी दंगल कुत्र्यांवरून झाली. मोकाट कुत्री मारल्यास पोलिसांना बक्षीस मिळे, म्हणून शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशांनी जून १८३२ मध्ये त्यांच्यावर हल्ला चढवला. दुसऱ्या दिवशी कोटात हरताळ पडला आणि लष्कर बोलवावे लागले. १८५१ आणि १८७४ च्या पारशी-मुसलमान दंगलींना प्रेषितांविषयीचा छापील मजकूर निमित्त झाला.

सर्वांत भीषण दंगल १८९३ ची. जुलैत काठेवाडातील प्रभासपाटण येथे मोहरमच्या वेळी दंगा झाला होता. त्याच्या बातम्या, मदतनिधी आणि सभा यांनी मुंबईचे वातावरण तापले. गोरक्षणाची चळवळ आधीपासून जोरात होती. ११ ऑगस्टला, शुक्रवारी, नमाजानंतर जुम्मा मशिदीजवळच्या हनुमान मंदिरापाशी मारामारी जुंपली. पुढे हिंदू गिरणी कामगार उतरले आणि दंगा दूरवरच्या वस्त्यांत पसरला. सुमारे ऐंशी माणसे मेली. अधिकाऱ्यांनी गोरक्षण सभांना दोष दिला. टिळकांनी ‘केसरी’तून सरकारच्या पक्षपातावर बोट ठेवले. दोन्ही बाजू पुढाऱ्यांविषयी आणि सरकारविषयीच बोलल्या. दाटीच्या चाळीत राहणारा, गावाकडून नुकता आलेला आणि मुकादमाच्या मर्जीवर रोजगार असलेला माणूस त्या वादात कुठेच नव्हता, हे मात्र खटकते. पुढच्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला टिळकांनी जोर दिला, त्यामागे या दंगलीची पार्श्वभूमी होती.

प्लेगच्या काळात हिंसेचा रोख बदलला. रोग्यांना बळजबरीने हलवण्याची धास्ती बसल्याने ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाहा विणकराच्या घरातील आजारी मुलीला तपासण्यावरून तपासणी पथकाशी झटापट झाली. पोलिसांनी गोळीबार केला आणि दंगल पसरली. पाठोपाठ गोदी कामगारांनी आणि गाडीवानांनी काम बंद ठेवले. या खेपेला हिंदू आणि मुसलमान एकाच बाजूला होते. त्यानंतर घरोघरच्या झडतीची सक्ती सैल करण्यात आली.