लायसियमच्या गॅलरीत एलन टेरीसमोर

कोटाची बटणं लावून घ्या. 29 डिसेंबर 1888 ची संध्याकाळ आहे आणि तुम्ही लंडनच्या लायसियम थिएटरच्या गॅलरीच्या दाराशी उभे आहात. उभे कसले, गर्दीनंच तुम्हाला उभं धरलंय! धुक्यात कोळशाचा धूर मिसळलाय, घसा खवखवतोय. घोड्यांची लीद, ओल्या लोकरीचा कुबट वास, त्यात कुणीतरी संत्रं सोललंय. दार उघडतं आणि मागून रेटा येतो. पैसे मुठीत घट्ट धरा, पडले तर वाकायला जागा नाही.

अरुंद जिने चढून वर आलात की नुसती बाकं, तीही खच्चून भरलेली. थंडी आता विसरा. गॅसच्या असंख्य ज्योतींची धग वर चढते आणि छताखाली तुम्हीच बसलाय. कॉलर घामानं भिजते. शेजारच्या आजीबाई आज 'मॅकबेथ'मध्ये लेडी मॅकबेथ होणाऱ्या एलन टेरीच्या बालपणीच्या गोष्टी सांगताहेत: नऊ वर्षांची असताना ती शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला पक झाली होती, रंगमंचावरचं चोरदार मिटलं आणि त्यात पायाचं बोट सापडून मोडलं. नाटक पुरं कर, पगार दुप्पट देते, असं मालकीणबाईंनी सांगितलं. पोरीनं रडत रडत भाषण संपवलं. पगार खरंच दुप्पट झाला.

शूऽऽ! हे थिएटर चालवणाऱ्या नट हेन्री आयर्विंगचा शिरस्ता आहे, खेळ सुरू झाला की प्रेक्षागृहात अंधार. संगीतकार आर्थर सलिव्हनचं संगीत घुमतं. मग मॅकबेथचं पत्र हातात घेऊन एलन येते. गुडघ्यांपर्यंत लोंबणाऱ्या तांबूस वेण्या आणि हिरवा पायघोळ झगा. झग्यावर खऱ्या भुंगेऱ्यांचे शेकडो टणक पंख शिवलेत. चुन्याच्या तापलेल्या खड्याचा प्रखर झोत पडतो आणि ती जराशी वळली तरी हिरव्यातून निळा चमकून जातो. खाली पहिल्या रांगांतल्या हिऱ्यांकडे आता कोण बघतंय?

तुम्ही राक्षसीण बघायला आला होतात ना? ही तर नवऱ्यावर जीव टाकणारी बायको आहे. त्याला राज्य मिळावं म्हणून ती वाट्टेल ते करेल, आणि म्हणूनच तिची जास्त भीती वाटते. टीकाकार यावर भांडतील. भांडू देत, तुमच्या अंगावर काटा आलाय तो खरा.

पुढे 1916 साली, सत्तरीला टेकलेली एलन चित्रपटातही आली. पण तो मूकपट, काळा-पांढरा. तिचा आवाज नाही, तो हिरवा रंग नाही. तिची खरी ताकद या कोंदट, घामट गॅलरीतूनच कळते.

झगा मात्र शाबूत आहे. तिच्या केंटमधल्या स्मॉलहाइथच्या घरी तो जपून ठेवलाय. लंडनला गेलात तर एक दिवस त्याच्यासाठी काढाच.