आठ मतांनी पडलेला शास्त्रज्ञ

माझा एक कॉलेजचा मित्र मेटाबोलॉमिक्समध्ये संशोधन करतो. म्हणजे पेशींमध्ये चयापचयाची जी उलाढाल चालते, तिच्यात तयार होणारे शेकडो लहान लहान रेणू एका दमात मोजायचे आणि त्यावरून शरीरात काय शिजतंय ते ओळखायचं. (हे माझ्या भाषेत. त्याला वाचायला दिलं तर तो वैतागेल.) या मंडळींची एक आंतरराष्ट्रीय सोसायटी आहे, २००४ साली स्थापन झालेली. तिच्या संचालक मंडळाची निवडणूक होते. सभासद जगभर विखुरलेले, त्यामुळे मत द्यायचं ते घरबसल्या, कॉम्प्युटरवर. मी विचारलं, "काय रे, राडे वगैरे होतात का?" तो म्हणाला, "राडे कसले, लोकांनी आठवणीने मत दिलं तरी मिळवली!"

पण शास्त्रज्ञांच्या निवडणुका कायमच इतक्या थंड नव्हत्या. एक निवडणूक अशी झाली की तिने एका देशाच्या विज्ञानाची घडीच बदलली, आणि तीही जिंकणाऱ्याने नाही, हरणाऱ्यांनी. ती गोष्ट आहे लंडनच्या रॉयल सोसायटीची, तारीख ३० नोव्हेंबर १८३०. मला तिच्यात रस असण्याचं खरं कारण म्हणजे त्या भानगडीच्या मध्यभागी चार्ल्स बॅबेज होता. आम्हा कीबोर्ड बडवणाऱ्यांचा तो खापरपणजोबा, तेव्हा त्याची भांडणं म्हणजे घरचीच भांडणं.

थोडी पार्श्वभूमी. रॉयल सोसायटी १६६० ची. न्यूटन तिचा अध्यक्ष होता, १७०३ पासून १७२७ मध्ये मरेपर्यंत. दरवर्षी ३० नोव्हेंबरला, सेंट अँड्र्यूच्या दिवशी, सभासद जमून अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळ निवडत. कागदावर एकदम लोकशाही! प्रत्यक्षात काय व्हायचं, तर जोसेफ बँक्स १७७८ मध्ये अध्यक्ष झाला तो १८२० पर्यंत राहिला. एकेचाळीस वर्षं. हा कॅप्टन कुकबरोबर जगप्रवास केलेला श्रीमंत जमीनदार. वनस्पतीशास्त्राचा खरा शौकीन, पण सोसायटी त्याने स्वतःच्या दिवाणखान्यासारखी चालवली. कार्यकारी मंडळात कोण बसणार हे अध्यक्ष ठरवणार आणि बाकीचे त्या यादीवर मत टाकून जेवायला जाणार.

बँक्सनंतर हम्फ्री डेव्ही आला. सोडियम आणि पोटॅशियम शोधून काढणारा अस्सल रसायनशास्त्रज्ञ, लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याचा मुलगा. त्याला ते सिंहासन काही मानवलं नाही. १८२७ मध्ये तब्येतीपायी तो बाजूला झाला आणि डेव्हिस गिल्बर्ट हे कॉर्नवॉलचे खासदार अध्यक्ष झाले. गिल्बर्ट माणूस भला, विद्येची कदर असलेला, पण घोळ घालण्यात पटाईत. तो घोळ पुढे येतोच.

आता सभासद कोण होते ते बघा, कारण सगळी गोम तिथे आहे. १८३० मध्ये निघालेल्या एका निनावी पुस्तिकेने सभासदांची मोजदाद केली होती, आकडा ६८७. त्यातले विज्ञानात काही केलेले थोडे. बाकी लॉर्ड, बिशप, वकील, लष्करी अधिकारी आणि खुशालचेंडू पैसेवाले. बॅबेजने त्याच वर्षी इंग्लंडमधल्या विज्ञानाच्या ऱ्हासावर एक पुस्तक काढलं आणि त्यात सभासद व्हायची रेसिपीच दिली. तीन सभासदांच्या सह्या घ्या, तो कागद दहा आठवडे भिंतीवर टांगा. तुम्ही विज्ञानात काडीचंही काही केलेलं नसेल तर निवड पक्की. चुकून काही लिहिलं असेल तर मात्र लोक चौकशा सुरू करतात आणि पडायची शक्यता वाढते! पुढे त्याने हिशोबही मांडला. वेगवेगळ्या सोसायट्यांची वर्गणी भरून नावापुढे चाळीसहून जास्त अक्षरांची शेपटी लावता येते, दर अक्षरी साधारण दहा पौंड. नावापुढे सर्टिफिकेशनची माळ लावणारे आपल्या धंद्यातले काही सन्मित्र मला इथे उगाचच आठवले :)

त्याच पुस्तकात त्याने निरीक्षणांमधल्या लबाडीचे प्रकार सांगितले आहेत. साफ खोटे आकडे लिहिणं, गैरसोयीचे आकडे छाटून सरासरीकडे ढकलणं, ढीगभर निरीक्षणांतून सोयीची तेवढी वेचणं. आज ज्यांना मशीनमधून हजारो रेणूंचे आकडे मिळतात त्यांनाही तो भाग ओळखीचा वाटेल. पण बॅबेजचा गुण तोच त्याचा दोष. तत्त्वाचं बोलता बोलता तो माणसांवर घसरायचा. सोसायटीच्या लोकांची नावं घेऊन त्याने आरोप केले, आणि जे काठावर बसले होते तेही चिडले. कोडमधला बग दाखवताना ज्याने तो लिहिला त्याची अक्कलही काढायचीच, असे लोक तुमच्याही टीममध्ये असतील. बहुतेक वेळा ते बरोबर असतात, आणि तरी मीटिंग हरतात.

असो. तर गिल्बर्टचा घोळ. जून १८३० मध्ये चौथा विल्यम राजा झाला. गिल्बर्टच्या डोक्यात आलं की राजाचा सख्खा भाऊ, ड्यूक ऑफ ससेक्स, अध्यक्ष झाला तर काय बहार येईल! त्याने सभासदांना न विचारता परस्पर ड्यूककडे बोलणी लावली. ही बातमी फुटल्यावर बोंबाबोंब झाली. खुर्ची म्हणजे काय गिल्बर्टची इस्टेट आहे का, की मृत्युपत्रात लिहून द्यावी?

सुधारणावाल्यांनी उमेदवार काढला जॉन हर्शेल. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा मुलगा, केंब्रिजला गणितात पहिला आलेला, स्वतः मोठा खगोलशास्त्रज्ञ. बॅबेजचा तर जिगरी दोस्त. १८२१ मध्ये हे दोघे खगोलशास्त्राची कोष्टकं तपासत बसले होते. चुकाच चुका सापडायला लागल्या तेव्हा बॅबेज वैतागून म्हणाला की ही आकडेमोड वाफेवर करता आली असती तर किती बरं झालं असतं. डिफरन्स इंजिनची गोष्ट तिथून सुरू होते असं तो पुढे सांगायचा. बॅबेजने आपल्या मुलाचं नाव हर्शेल ठेवलं यावरून दोस्ती कळावी. गंमत म्हणजे हर्शेलला या निवडणुकीची फारशी हौस नव्हती. दुर्बिणीला डोळा लावून बसावं एवढीच त्याची इच्छा. मित्रांनी त्याला घोड्यावर बसवलं.

ही गोष्ट वाचायला घेतली तेव्हा माझी अशी अपेक्षा होती की ड्यूक म्हणजे हिंदी सिनेमातला ठाकूर असणार. तसं अजिबात नाही. ऑगस्टस फ्रेडरिक हा त्या राजघराण्यातला सगळ्यात पुढारलेला माणूस. कॅथलिकांना हक्क मिळावेत, ज्यूंना मिळावेत, गुलामगिरी जावी, या सगळ्यांच्या बाजूने तो उभा राहिला. घरी पन्नास हजारांच्या आसपास पुस्तकं होती. बाहेर देशात तेव्हा वातावरण तापलेलं, फ्रान्समध्ये जुलैत राजा पळालेला, इंग्लंडात मतदानाच्या हक्कावरून रान उठलेलं आणि १६ नोव्हेंबरला, म्हणजे सोसायटीच्या निवडणुकीच्या दोनच आठवडे आधी, वेलिंग्टनचं सरकार गडगडलेलं. राजकारणात ड्यूक सुधारणावाल्यांच्या गोटात, आणि रॉयल सोसायटीत सुधारणावाल्यांचा विरोधक! एकच माणूस दोन मतपेट्यांपुढे दोन पक्षांचा होऊ शकतो.

त्याच्या बाजूचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नव्हतं. राजाचा भाऊ असल्यावर सरकारदरबारी शब्द चालेल. शास्त्रज्ञ अध्यक्ष झाला तर तो आपल्याच विषयाचं घोडं पुढे दामटणार, त्यापेक्षा कुठल्याच विषयाचा नसलेला माणूस बरा. आमच्या ऑफिसात लंच टेबलवर हा वाद महिन्यातून एकदा तरी होतो. मॅनेजरला कोड लिहिता आलं पाहिजे का, की वरच्या मजल्यावर जाऊन बजेट आणता आलं म्हणजे पुरे? मी स्वतः पहिल्या पक्षातला आहे. पण दुसऱ्या पक्षाचे लोक मूर्ख नसतात, ते थकलेले असतात. बजेट मिळालेलं त्यांना हवं असतं.

३० नोव्हेंबरला सॉमरसेट हाउसमध्ये मतदान झालं. ड्यूक ११९, हर्शेल १११.

आठ मतं. म्हणजे पाच माणसांनी मन बदललं असतं तर हर्शेल अध्यक्ष झाला असता. आणि दुसरा हिशोब करा. मतं पडली एकूण २३०. पुस्तिकेतला ६८७ हा आकडा धरला तर तिघांतले दोघे आलेच नाहीत. प्रश्न असा की ते ४५७ कोण होते? शेपटी लावायला वर्गणी भरलेले, ज्यांना अध्यक्ष कोण होतो याचं सोयरसुतक नाही असे त्यात पुष्कळ असणार. पण जे ११९ ड्यूकमागे उभे राहिले त्यांच्यातही राजाच्या भावाशेजारी जेवायला बसण्याचं आकर्षण असलेले काही कमी नसावेत. बॅबेजचा पक्ष उमेदवारावर भांडत होता. माझ्या मते निवडणूक त्याच्या कितीतरी वर्षं आधी, सभासदांच्या यादीत, तीन-तीन सह्यांनी हरली गेली होती.

पुढे काय झालं? १८३१ च्या सप्टेंबरमध्ये यॉर्कला एक नवीनच संस्था उभी राहिली, ब्रिटिश असोसिएशन. डेव्हिड ब्रूस्टर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने तिच्यासाठी जोर लावला होता. दरवर्षी नवं शहर, दरवर्षी नवा अध्यक्ष, ही तिची पद्धत. बँक्सची एकेचाळीस वर्षं ज्यांनी पाहिली होती त्यांनी घेतलेला हा धडा उघड आहे. आता हसू नका, पण तिचा पहिला अध्यक्ष कोण? एक व्हायकाउंट. लॉर्डाशिवाय गाडी हलेना. तरी तिथे गर्दी जमली ती काम करणाऱ्यांची. या लोकांना एकत्रितपणे म्हणायचं काय, असा प्रश्न १८३३ च्या केंब्रिजच्या अधिवेशनात निघाला, आणि विल्यम ह्युएलने 'सायंटिस्ट' हा शब्द सुचवला. तोपर्यंत इंग्रजीत शास्त्रज्ञाला शब्दच नव्हता. हर्शेलला निवडून द्या म्हणणारे आपण नेमके कोण आहोत हे सांगू शकत नव्हते!

हर्शेल १८३३ च्या नोव्हेंबरात स्वखर्चाने, बायकामुलं आणि भलीमोठी दुर्बीण घेऊन आफ्रिकेच्या टोकाला केपला गेला. चार वर्षं दक्षिणेचं आकाश उलथापालथं केलं. निवडणुकीचं दुःख त्याला फार झालं असेल असं वाटत नाही. पुढे १८४५ मध्ये तो ब्रिटिश असोसिएशनचा अध्यक्ष झाला. बॅबेज मात्र सुधारला नाही. १८३२ मध्ये फिन्सबरीतून पार्लमेंटसाठी उभा राहिला आणि पडला. ड्यूकनेही १८३८ मध्ये रॉयल सोसायटी सोडली. अध्यक्षाने मेजवान्या द्यायच्या असत आणि तो खर्च त्याला डोईजड झाला होता. ते पैसे त्याला आपल्या ग्रंथालयावर घालवायचे होते. या एका गोष्टीसाठी मला तो आवडतो.

खरी दुरुस्ती १८४७ मध्ये झाली. ती अध्यक्षाच्या निवडणुकीत नाहीच, सभासदांच्या निवडीत केली. वर्षाला फक्त पंधरा नवे सभासद, एकाच वेळी निवडायचे, आणि नावं मंडळाने काम पाहून सुचवायची. फार आरडाओरडा न होता नियम बदलला. जुने शेपटीवाले हळूहळू काळाच्या ओघात कमी होत गेले आणि काही वर्षांत यादी शास्त्रज्ञांची झाली. भांडणाने जे झालं नाही ते एका आकड्याने झालं.

इथे मी टाळ्या वाजवणार होतो, पण एक गोष्ट आड येते. २७ मे १८४१ रोजी, म्हणजे जुने ढिले नियम चालू असताना, रॉयल सोसायटीने मुंबईच्या एका माणसाला सभासद करून घेतलं. आर्देशीर कर्सेटजी वाडिया. जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या घराण्यातले. वाफेच्या इंजिनांचा नाद, माझगावच्या घरात १८३४ मध्ये गॅसचे दिवे लावून दाखवलेले, १८३९ मध्ये आधुनिक यंत्रं बघायला इंग्लंडला गेलेले. गोदीतला, कारखान्यातला माणूस, वय बत्तीस. सोसायटीचे ते पहिले भारतीय सभासद. बॅबेज ज्या सताड उघड्या दाराच्या नावाने बोटं मोडत होता त्याच दाराने ते आत गेले. पंधराच्या नियमानंतर मुंबईच्या गोदीतल्या इंजिनिअरचं नाव मंडळाने सुचवलं असतं का? मला शंका आहे. दार अरुंद झाल्यावर पुढचा भारतीय आत जायला १९१८ साल उजाडलं, आणि त्यासाठी रामानुजन लागले.