कोहळ्यावर गिरवलेली शस्त्रक्रिया

१९८६ साली आमच्या खिलारी बैलाच्या पोटात दुसऱ्या बैलाचं शिंग घुसलं. कातडं फाटून वीतभर आतडं बाहेर लोंबत होतं. तालुक्याहून जनावरांचा डॉक्टर आला, तो अगदी पोरसवदा. त्यानं आधी स्वतःची नखं काढली. मग मिठाच्या पाण्यानं आतडं धुतलं, कुठं फाटलंय का ते बोटांनी चाचपलं आणि हळूहळू आत सारलं. आतला थर आधी शिवला, मग कातडं. मी कंदील धरून उभा होतो. बैल वाचला.

"हे शिकलात कसं?" मी विचारलं.

"आधी मेलेल्या जनावरांवर. तरी जिवंतावर पहिला टाका घालताना हात कापलाच होता."

पुढं वाचनालयात सुश्रुतसंहितेचं भाषांतर हाती लागलं. ग्रंथ दोन हजार वर्षांच्या आसपासचा. काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी शिष्यांना शस्त्रक्रिया शिकवतो, अशी त्याची मांडणी. त्यात शिकाऊ वैद्याच्या सरावाचा अध्याय वाचला आणि मला आमचा मळाच दिसला. कापायला शिकायचं ते कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांच्यावर. फोडायला पाण्याचिखलानं भरलेल्या चामड्याच्या पिशव्या. आत रुतलेलं बाहेर ओढायला फणस, बेलफळाचा गर. शिवायला कापड आणि मऊ कातडं. शरीर आतून बघायचं तर प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात कुजवायचं. सात दिवसांनी वाळ्याच्या कुंचल्यानं घासत एकेक थर उलगडायचा.

एवढं झाल्यावर पोट. आतड्यात अडथळा असेल तर बेंबीखाली डाव्या बाजूला, मधली केसांची रेघ चार बोटं सोडून चीर द्यायची. आतडं बाहेर काढून तपासायचं, अडकलेलं काढायचं, मध-तूप लावून परत आत घालायचं आणि पोट शिवायचं. आतड्याला भोक असेल तर त्याच्या कडा जुळवून काळ्या मुंग्या डसवायच्या, धडं तोडायची. डोकी टाक्यासारखी राहतात. जखमेतून आतडं बाहेर आलं तर दुधानं धुऊन, तूप लावून, नखं काढलेल्या हातानं आत सारायचं. हे वाचून मी पुस्तक मिटलं. गोठ्यातली ती रात्र आठवली.

नुसतं वाचणारा आणि नुसता हात चालवणारा, दोघांनाही सुश्रुतानं एका पंखाचं पाखरू म्हटलंय. पुढं आपल्याकडं नेमकं तेच झालं. प्रेताला शिवणं बाट ठरलं, पोथी एकाकडं राहिली आणि वस्तरा दुसऱ्याकडं गेला. हाताची विद्या काही मेली नाही. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या माणसानं कपाळाच्या कातड्यानं नवं केलं. ती हकिकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली. पण पोटाच्या आत जायचं तर नुसत्या वारशानं भागत नाही. तिथं शरीर उलगडून बघितलेलं लागतं.

ते पुन्हा सुरू व्हायला १८३६ उजाडलं. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी मानवी प्रेतावर सुरी चालवली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. मधुसूदन गुप्त हे मुळात संस्कृत शिकलेले आयुर्वेदाचे वैद्य. पोथी त्यांच्याकडं होतीच. हात त्यांनी स्वतः पुढं केला.

आमचा बैल त्यानंतर आठ वर्षं औताला चालला. त्याच्या पोटावरचा वण हाताला लागायचा, तेव्हा त्या पोरसवदा डॉक्टरचा पहिला, कापत घातलेला टाका आठवायचा.