गोंदिया जिल्ह्यातील वणवा विझविणारे वनमजूर : जखमींच्या साहाय्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कर्तव्य बजावताना जखमी झालेल्या अग्निशामकांचा विषय निघाला की शहरातील अग्निशमन दल, त्यांची लाल गाडी आणि गणवेशातील जवान डोळ्यांसमोर येतात. वनव्याप्त गोंदिया जिल्ह्यात मात्र आगीशी सामना मुख्यत्वे जंगलात होतो आणि तो करणारा बहुधा रोजंदारीवरील वनमजूर असतो. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिरा अभयारण्यात वणवा विझवीत असताना वाऱ्यामुळे आग पुन्हा भडकली. त्या आगीत तीन वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला व दोघे जखमी झाले. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली. अशा प्रसंगी मृतांच्या वारसांना द्यावयाच्या मदतीची चर्चा होते; परंतु जो जगला, पण ज्याचे हात पूर्वीसारखे काम करू शकत नाहीत, त्याचे पुढे काय, हा प्रश्न मागे पडतो. या प्रश्नाचा कायदेविषयक इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वणवा आणि जिल्ह्याची वनव्यवस्था

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. तत्पूर्वी १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्य प्रांतात व नंतरच्या मध्य प्रदेशात समाविष्ट होता. नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये, तर नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले. या दोन्ही क्षेत्रांचा समावेश असलेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये अस्तित्वात आला.

येथील वने पानझडी आहेत. उन्हाळ्यात जमिनीवर पालापाचोळ्याचा थर साचतो. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालील जागा जाळून साफ करणे किंवा तेंदूच्या झुडपांना नवी पालवी यावी म्हणून आग लावणे, ही वणव्याची नेहमीची कारणे सांगितली जातात. वणव्याच्या हंगामापूर्वी जाळरेषा साफ केल्या जातात. प्रत्यक्ष आग लागल्यावर हिरव्या फांद्यांनी झोडपून किंवा यंत्राने पाला दूर सारून ती रोखली जाते. जंगलात पाण्याचा बंब सर्वत्र पोहोचत नाही. म्हणून माणसाला ज्वाळेच्या अगदी जवळ जावे लागते. चढावर आग वेगाने पसरते, कारण वर जाणारी उष्णता पुढील पाला आधीच सुकवते. अशा ठिकाणी वारा फिरला तर मजुराला मागे हटण्यासही अवधी मिळत नाही.

कर्तव्य आधी, भरपाई नंतर

या कामाचा कायदेशीर पाया ब्रिटिश राजवटीत घातला गेला. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार राखीव किंवा संरक्षित वनात हक्क बजावणाऱ्या, तेथून वनोपज नेण्याची अथवा गुरे चारण्याची परवानगी असलेल्या व्यक्तींवर वणवा विझविण्याचे व तो पसरू न देण्याचे बंधन आहे. हे बंधन न पाळल्यास एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. अशाच आशयाची तरतूद १८७८ च्या वन कायद्यातही होती. म्हणजेच वनालगतच्या ग्रामस्थांना आगीसमोर उभे करणारा कायदा एकोणिसाव्या शतकातच आला. आगीत भाजलेल्या माणसाची जबाबदारी कोणाची, याबद्दल मात्र या कलमात एकही शब्द नाही.

ती जबाबदारी निश्चित करणारा कायदा वन खात्याच्या नव्हे, तर कामगार कायद्यांच्या परंपरेतून आला. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ हा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अग्निशमन दलातील सेवकांचा स्वतंत्र उल्लेख होता. विशेष म्हणजे, झाडे तोडणे व लाकूड वाहून नेणे या कामांबरोबरच वणव्याचे नियंत्रण करणे किंवा तो विझविणे या कामाचाही या अनुसूचीत समावेश झाला. त्यामुळे गणवेशातील जवान आणि हातात फांदी घेतलेला वनमजूर यांना या कायद्याने एकाच यादीत स्थान दिले.

तथापि, कामगाराच्या मूळ व्याख्येतून मालकाच्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या नैमित्तिक कामावरील व्यक्ती वगळल्या होत्या. काही दिवसांपुरत्या नेमलेल्या मजुराच्या हक्काविषयी शंका घेण्यास त्यामुळे जागा राहत असे. २००० च्या दुरुस्तीने हा अपवाद काढून टाकण्यात आला. २००९ च्या दुरुस्तीने जखमेवरील औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून देण्याची तरतूद केली. म्हणजे १९२३ च्या कायद्यात उपचारखर्चाचा हा स्पष्ट हक्क येण्यास तब्बल ८६ वर्षे लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून भरपाईचा विषय आता तिच्या सातव्या प्रकरणात आहे.

भाजलेला हात आणि भरपाईचे गणित

१९२३ च्या कायद्यात भरपाईचे प्रमाण कमाई करण्याची क्षमता किती घटली, यावरून ठरत असे. बोट, हात किंवा डोळा गमावल्यास किती टक्के क्षमता गेली, याची यादी पहिल्या अनुसूचीत दिली होती. चेहरा अतिशय विद्रूप झाल्यास ती हानी १०० टक्के मानली जाई. भाजल्याच्या जखमांचे स्वरूप मात्र निराळे असते. अवयव जागेवर राहतो, पण त्वचा आकसल्याने बोटे वाकतात, कोपर सरळ होत नाही व उन्हात काम करणे असह्य होते. यादीत न बसणाऱ्या अशा हानीची टक्केवारी डॉक्टरांच्या मूल्यमापनावर अवलंबून राहते. कुऱ्हाड, विळा आणि धानाच्या रोवणीवर ज्याचा संसार चालतो, त्याच्या दृष्टीने वाकलेली बोटे म्हणजे जवळजवळ गमावलेला हातच होय. म्हणून जखम बरी झाल्याचा दाखला हा त्याच्या प्रश्नाचा शेवट ठरत नाही.

मुंबईचे दोन दाखले

राज्यातील संघटित अग्निशमन दलाचा इतिहास येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर झालेल्या स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवी येथील गोकुळ निवास इमारतीच्या आगीत दलाचे दोन अधिकारी घटनास्थळीच दगावले, तर गंभीर भाजलेले सुधीर अमीन आणि दलप्रमुख सुनील नेसरीकर यांचे पुढे त्याच महिन्यात उपचारांदरम्यान निधन झाले. ऐरोली येथील भाजलेल्या रुग्णांच्या विशेष रुग्णालयात उपचार होऊनही त्यांना वाचविता आले नाही, यावरून अशा जखमांचे गांभीर्य लक्षात येते. गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले. पण नागपूर रेल्वेमार्गाने सुमारे १३० किलोमीटर दूर आहे. दूरवर उपचार घ्यावे लागल्यास प्रवास, सोबतच्या नातेवाइकाचा मुक्काम व बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावर पडतो. उपचारांच्या देयकात हा खर्च दिसत नाही.

ग्रामसभा आणि कायद्याची मर्यादा

वनहक्क अधिनियम, २००६ नुसार ग्रामसभांना सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण करण्याचा अधिकार मिळाला. जंगल आपले मानणारे गावकरी वणवा दिसताच धावून जातात, तेव्हा त्यांना कोणी मालक नसतो. भरपाईचा कायदा मालक व नोकर यांच्या नात्यावर उभा असल्याने स्वयंसेवक ग्रामस्थ त्याच्या कक्षेबाहेर राहतो. कलम ७९ चे बंधन मात्र वनातील हक्कामुळे त्यालाही लागू होऊ शकते. हक्क आणि कर्तव्य यांतील १८७८ पासूनची विसंगती येथे अजून शिल्लक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, वणवा विझविण्याचे कर्तव्य प्रथम लादले गेले, भरपाई कालांतराने आली व उपचारखर्चाचा हक्क सर्वांत शेवटी मिळाला. मृत्यूनंतरची मदत एकरकमी देता येते. जखमीला मात्र दीर्घकाळ साहाय्य लागते. म्हणून वणव्याच्या हंगामापूर्वीच प्रत्येक मजुराची हजेरीपटावर नोंद व विमा, भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांची जिल्ह्यातच सोय, अवयवांच्या हालचालीसाठी दीर्घकालीन उपचार, झेपेल असे पर्यायी काम आणि स्वयंसेवक ग्रामस्थांसाठी स्वतंत्र तरतूद आवश्यक आहे. अग्निशमन सेवा दिन आणि ११ सप्टेंबरचा राष्ट्रीय वन शहीद दिन या दोन्ही दिवशी मृतांचे स्मरण केले जाते व ते उचितच आहे. जे आगीतून परत आले, त्यांची विचारपूस मात्र वर्षभर व्हावयास हवी. त्याच गावात, त्याच जंगलाच्या कडेला त्यांना उरलेले आयुष्य काढावयाचे असते.