उसाच्या पानाचा जमाखर्च

हुपरी हे चांदीचे गाव. पैंजणांची नाजूक रुणझुण ऐकली, की पुष्कळांना आमच्या गावाची आठवण होते. परंतु इथल्या कारागिराचे खरे शहाणपण हातोडीत नसून तराजूत आहे. मुशीत चांदी किती घातली, आटून किती उतरली, घट किती गेली, हे वहीत मांडल्यावाचून त्याला झोप लागत नाही. आले ते कुठून आले आणि गेले ते कुठे गेले, हा त्याचा नित्याचा प्रश्न.

गावाची वेस ओलांडून जवाहर साखर कारखान्याच्या बाजूला गेले, की उसाचे फड लागतात. दोन डोळ्यांचे टिपरे सरीत लावावे, आणि वर्ष-दीड वर्षाने पुरुषभर उंचीला मागे टाकणारा ऊस उभा राहावा! गाड्याच्या गाड्या भरून तो जातो, पण रानात खड्डा काही पडत नाही. मग एवढे वजन आले कुठून? चांदीवाल्याला सहज सुचावा असा हा प्रश्न उलगडायला जगातल्या पंडितांना दोनतीनशे वर्षे लागली.

पहिला तराजू हाती घेतला तो व्हॅन हेल्माँट या वैद्याने. ब्रुसेल्सजवळ त्याने २०० पौंड कोरडी माती एका कुंडीत भरली आणि ५ पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड भरले सुमारे १६९ पौंड. माती घटली अवघी दोन औंस! हे सारे वजन पाण्याचेच, असे त्याने ठरविले. १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, ही हकीकत छापली गेली. तराजू खरा होता, परंतु वहीत एक रकाना राहून गेला होता. तो हवेचा.

तो रकाना उघडला इंग्लंडातल्या जोसेफ प्रिस्टली या धर्मोपदेशकाने. मेणबत्ती जळून विझलेल्या कोंडल्या हवेत १७७१ च्या ऑगस्टात त्याने पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ या डच वैद्याने एका उन्हाळ्यात पाचशेहून अधिक प्रयोग करून दाखविले, की हे काम झाडाचे हिरवे भागच करतात, आणि तेही उजेडातच. जिनिव्हाच्या सेनेबिए याने १७८२ मध्ये सांगितले, की पान त्या वेळी कर्बवायू घेते. त्याच गावच्या द सोस्यूर याने १८०४ मध्ये काटेकोर वजने करून दाखविले, की झाडाच्या वाढीत कर्बाबरोबर पाण्याचाही वाटा असतो. हिशेब आता जुळत आला.

तो हिशेब वाचकांनी स्वतःच ताडून पाहावा. २६४ ग्रॅम कर्बवायू आणि १०८ ग्रॅम पाणी ही जमा. त्यांतून तयार होते १८० ग्रॅम साखर, आणि बाहेर पडतो १९२ ग्रॅम प्राणवायू. दोन्हीकडे बेरीज ३७२! मजुरी तेवढी सूर्याची. पानातले हरितद्रव्य ऊन टिपते. त्या बळावर पाणी फुटते. पाण्यातला प्राणवायू मोकळा होतो आणि हायड्रोजन कर्बाशी जोडला जाऊन साखर घडते. हा प्राणवायू पाण्यातलाच, हे रुबेन आणि केमेन यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. कर्ब साखरेपर्यंत कोणत्या पायऱ्यांनी पोचतो, याच्या शोधाबद्दल मेल्विन कॅल्व्हिन यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि इथे आपला ऊस पुढे येतो. हवाई बेटांतल्या ऊस-संशोधकांना उसाचे पान कॅल्व्हिनच्या पायऱ्या मोडताना दिसले. इतर पानांत कर्बाच्या तीन अणूंचा पदार्थ आधी तयार होतो, तर उसात चार अणूंचा. कोर्टशॅक यांनी हे १९६५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि हॅच व स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात १९६६ पासून ती वाट उलगडून दाखविली. भात, गहू, भुईमूग यांच्या पानात कर्बवायू पकडणारे द्रव्य कडक उन्हात चुकून प्राणवायूच पकडते, आणि मिळविलेला काही कर्ब वाया जातो. ऊस, ज्वारी आणि मका यांच्या पानात बाहेरच्या पेशी कर्बवायू पकडून शिरांभोवतीच्या आतल्या पेशींत दाटीने भरतात. तिथे अशी चूक फारशी होत नाही. आमच्या भाषेत सांगायचे, तर उसाच्या मुशीत घट कमी! कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही प्रा. जी. व्ही. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात खाऱ्या पाण्यातल्या वनस्पतींच्या या व्यवहाराचा अभ्यास केला.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे घरातली मंडळी विचारतील. त्यांनी फराळाच्या ताटाकडे पाहावे. करंजीतली साखर, चकलीची भाजणी, कढईतले तेल, गाईचे दूध, हे सारे कुठल्या ना कुठल्या पानाने हवा-पाण्यातून कमावलेले. पणतीच्या ज्योतीत दिसते तेही शेंगेच्या वेलाने साठविलेले ऊनच, आणि ती ज्योत ज्या प्राणवायूवर तगते तोही हिरव्या पेशींचाच. त्यातला जवळजवळ निम्मा समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा.

मात्र माणसाने खर्चाची बाजू फुगविली आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानांची शिल्लक म्हणजे दगडी कोळसा. ती आपण दीडदोनशे वर्षांत भराभर जाळली. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. त्यात जंगलतोडीने पुष्कळ पाने गेली. त्यांनी तरी किती आवरावे?

लक्ष्मीपूजनाला पेढीवर वहीची पूजा होते, आणि त्याच सुमारास उसाची तोडणी सुरू होते. तोडलेल्या फडात पाचट पडून राहते. ते पेटविले, तर वर्षभर पानांनी वेचलेला कर्ब घटकेत धूर होऊन हवेत जातो. सरीत कुजू दिले, तर त्यातला काही मातीत मुरतो, ओल धरतो आणि पुढच्या पिकाच्या उपयोगी पडतो. आमच्या फडकऱ्यांनी काडी ओढण्यापूर्वी शेजारच्या चांदीवाल्याला एकदा विचारावे, की हाती आलेल्या मालाची अशी घट तो कधी वहीत सोशील का?