शेतकरी विधवा : ओळखीचे स्थित्यंतर (यवतमाळ जिल्हा)

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याच्या पत्नीची घरात, शिवारात व कचेरीत नव्याने ठरत जाणारी ओळख. कापूसपट्ट्यातील या जिल्ह्यात हा विषय जुना आहे. चिलगव्हाण (ता. महागाव) येथील साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपवले, ती राज्यातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते.

तेरवी आटोपून पाहुणे परतले की व्यवहार दारात येतो. प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे जमीन, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांच्या कागदांवर ठरते. पात्र ठरल्यास २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये : ३०,००० हाती, ७०,००० ठेवीत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. पण जमीन सासऱ्याच्या नावे असली किंवा दीर आडवा आला की फेरफार रखडतो, आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्जही नाही. पारावर ती ‘अमक्याची बायको’च राहते.

ओळख खरी पालटते ती किरकोळ देवघेवीत. कृषी केंद्राचा दुकानदार बियाण्याची उधारी तिच्या नावावर लिहितो, वेचणीच्या बाया चुकाऱ्यासाठी तिच्याच दारी येतात, तेव्हा ती शेतकरी होते. संक्रांतीला शेजारीण हळदीकुंकवाला बोलावत नाही, तेव्हा तीच बाई पुन्हा विधवा. दोन्ही ओळखी एकाच आठवड्यात नांदतात. मदतीच्या धनादेशाने हा गुंता सुटत नाही.

राजूर (ता. कळंब) येथील वैशाली येडे हे जिल्ह्यातील ठळक उदाहरण. हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात शेतकरी विधवांनीच भूमिका केल्या. त्यांत त्या होत्या. यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले आणि ११ जानेवारी २०१९ रोजी उद्घाटन येडे यांच्या हस्ते झाले. आयोजकांची ती नामुष्कीतून काढलेली वाट होती, हे खरे. तरी व्यासपीठ गाजवले येडे यांनीच. त्याच वर्षी त्यांनी यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेची निवडणूक लढवली.

विधवेच्या ओळखीचा प्रश्न जिल्ह्याबाहेरही पुढे आला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. राज्य शासनाने १७ मे रोजी इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. त्या ठरावाचा विषय कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या आणि जोडवी हा होता. सातबाऱ्यावरच्या नावासाठी मात्र बाईला तलाठ्याकडेच जावे लागते.